सेल्स टीमसाठी ऑनलाइन सीआरएम: १४ जण, एक एक्सेल आणि मी

फाइल_कुठेय:
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी सेल्सची नाही, ऑपरेशन्स बघते, पण ऑफिसात "हिला कॉम्प्युटरचं कळतं" असा शिक्का बसलाय त्यामुळे हे लोढणं माझ्या गळ्यात आलंय. आमचे १४ सेल्सवाले, त्यातले ९ दिवसभर बाहेर. सगळा कारभार एका शेअर केलेल्या एक्सेलमध्ये, तिचं सध्याचं नाव "लीड्स फायनल नवीन २". मागच्या महिन्यात एकाच कस्टमरला आमच्याच दोघांनी दोन वेगवेगळे रेट दिले, त्याने दोन्ही कोटेशन एकाच मेलला जोडून परत पाठवली आणि वर फक्त "यातलं कुठलं?" एवढंच लिहिलं. त्या दिवसापासून साहेबांना सीआरएम हवंय, म्हणजे कस्टमर, त्यांच्याशी झालेलं बोलणं आणि रेट सगळं एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर.

सर्व्हर नाही, तो सांभाळायला माणूस नाही, म्हणून ब्राउझरमध्ये चालणारं आणि यूजरमागे पैसे भरायचं असलंच काहीतरी घ्यायचंय. झोहो, हबस्पॉट, पाईपड्राईव्ह तिन्हींचे डेमो झाले, सेल्सफोर्सचा बाकी आहे. डेमोत सगळीच छान दिसतात हो, तो माणूस इतक्या झरझर क्लिक करत जातो की आपल्याला काय विचारायचं होतं तेच विसरायला होतं. मी फीचर्सचा ६० ओळींचा तक्ता केलाय, त्यात सगळ्यांपुढे सगळीकडे बरोबरची खूण आलीय, म्हणजे उपयोग शून्य. तुम्ही निवडताना नक्की काय बघितलंत?

बॅगवाला:
मी म्हणजे तुमच्या त्या बाहेरच्या ९ पैकी एक समजा. आमच्याकडे सीआरएम आलं तेव्हा नवीन लीड (म्हणजे अजून कच्ची चौकशी) टाकायला १७ रकाने होते आणि त्यातल्या ११ वर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सेव्ह होणारच नाही. आता कस्टमरच्या गेटबाहेर हेल्मेट काखेत धरून उन्हात उभा असलेला माणूस "इंडस्ट्री" शोधत बसेल का? जे पहिलं नाव यादीत होतं ते आम्ही दाबायचो, आणि पहिलं होतं ॲग्रिकल्चर. सहा महिन्यांनी साहेबांनी मीटिंगमध्ये पाय चार्ट दाखवला आणि मनापासून विचारलं, आपण शेतीच्या धंद्यात एवढे कधी घुसलो? कोणी काही बोललं नाही.

म्हणून माझं ऐकाल तर तो ६० ओळींचा तक्ता फेका. ट्रायल घ्या, बाहेर फिरणाऱ्या दोघांच्या, त्यातही एक जरा कुरकुऱ्या असेल तर बरंच, त्यांच्या स्वतःच्या फोनवर ॲप टाका आणि सांगा की भेट झाली, काय बोलणं झालं, पुढचा फोन कधी, एवढं नोंदव. घड्याळ लावा. मिनिटाच्या वर गेलं की लिहून घ्या, ती माणसं ते शनिवारी संध्याकाळी आठवून आठवून भरणार आणि निम्मं मनाचं भरणार. आणि हो, बेसमेंटमध्ये नेटवर्क नसताना ॲप काय करतं तेही बघा. एका ॲपमध्ये मी चार ओळी लिहून सेव्ह दाबलं, गोल गोल फिरत राहिलं आणि सगळं गायब. त्यानंतर मी परत वहीवर.

जुना_सर्व्हर:
बॅगवाले बरोबर बोलले पण त्याच्या आधी एक गोष्ट. सेल्सफोर्स १९९९ ला निघालं तेव्हा त्यांचा बिल्लाच "सॉफ्टवेअर" या शब्दावर काट मारलेला होता, कारण तोवर सीआरएम म्हणजे सीबेलसारखं अवाढव्य प्रकरण, सर्व्हर घ्या, बसवा, महिनोन्‌महिने कन्सल्टंट पोसा. सीबेलला पुढे २००६ मध्ये ओरॅकलने गिळलं. सर्व्हर गेला खरा, पण आपला धंदा त्या सॉफ्टवेअरच्या साच्यात बसवायची कटकट काही गेली नाही, आणि साचा प्रत्येकाचा वेगळा असतो हे डेमोत कोणी सांगत नाही.

झोहो आणि सेल्सफोर्समध्ये लीड वेगळी आणि डील, म्हणजे प्रत्यक्ष बोलणी चाललेला सौदा, वेगळी, लीड पक्की वाटली की ती कन्व्हर्ट करायची, मग तिचा कॉन्टॅक्ट, कंपनी आणि डील तयार होते. हबस्पॉट मुळात कॉन्टॅक्टभोवती उभं आहे, माणूस तोच राहतो, त्याची स्टेज बदलत जाते. पाईपड्राईव्ह सगळं डीलभोवती फिरवतं, पाटीवर कार्डं लावल्यासारखं, आणि ठरवलेल्या दिवसांत डील हलली नाही तर कार्ड लाल होतं (मला त्यातलं हे सगळ्यात आवडतं, साहेबांना ओरडावं लागत नाही). आता तुमच्याकडे रोज ढिगाने चौकशा येत असतील आणि त्यातल्या बऱ्याच फालतू निघत असतील तर लीड वेगळी असलेली बरी, नाहीतर पाईपलाईनचा, म्हणजे चालू डीलच्या यादीचा, उकिरडा होतो. पण ठरावीक शंभरेक कस्टमर आणि त्यांच्याच परत परत ऑर्डरी असतील तर कन्व्हर्ट करणं हा नुसता जास्तीचा क्लिक आहे. तुमचं कुठलं?

फाइल_कुठेय:
दुसरं. जुनेच कस्टमर जास्त. हे मला कोणी विचारलंच नव्हतं आजपर्यंत! फुकट प्लॅनवर भागेल का पण? साहेब तेच विचारतायत.

हिशेबी:
१४ जणांना झोहोचा फुकट प्लॅन पुरणार नाही, तो ३ यूजरपर्यंतच आहे. हबस्पॉटचं फुकट सीआरएम २०१४ पासून आहे आणि चांगलं आहे, फक्त आपल्याला जे हवं असतं ते नेमकं एक पायरी वर असतं. पानावर "पासून" म्हणून जो दर दिसतो तो बहुतेक वेळा वर्षाचे पैसे एकदम भरले तरचा असतो, महिन्याने भरलं की जास्त. वर्षाचा करार केलात की मध्ये यूजर वाढवता येतात, कमी करायचे तर साधारण रिन्यूअलपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे दोघं नोकरी सोडून गेले तरी त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांचे पैसे तुम्हीच भरताय. म्हणून पहिले तीन-चार महिने महागात पडलं तरी महिन्यानेच घ्या.

अजून एक, "९९.९ टक्के अपटाइम" (म्हणजे सेवा एवढा वेळ चालू राहील हा शब्द) ऐकून भारावून जाऊ नका. वर्षाचे ८,७६० तास, त्यातला ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास बंद राहिलं तरी त्यांनी शब्द पाळला. ९९.५ म्हणाले तर जवळजवळ ४४ तास. शिवाय आधी सांगून केलेलं मेंटेनन्स बहुतेक त्यात धरतच नाहीत.

माझंच_घर:
एवढे पैसे का घालवताय, सूटसीआरएम घ्या, ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आपल्या सर्व्हरवर बसवायचं, शुगरसीआरएमच्या उघड्या आवृत्तीतून २०१३ ला फुटून निघालंय, यूजरमागे लायसन्सचा खर्च नाही.

हिशेबी:
अहो त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय सर्व्हर नाही, माणूस नाही. बॅकअप आणि अपडेट कोण करणार, तुम्ही जाणार का?

ताक_फुंकून:
घ्यायच्या आधी बाहेर कसं पडायचं ते बघा, हे मी पोळल्यावर शिकलो. एका छोट्या सीआरएममधून आम्ही दोन वर्षांनी निघालो, त्या कंपनीच्या सेल्समधला पोरगा आधी म्हणाला होता की एक्सपोर्टचं बटण आहे. बटण होतंच. त्यातून कॉन्टॅक्टची नावं आणि फोन आले, पण कॉलच्या नोट्स नाहीत, जोडलेल्या फाइली नाहीत, डील कधी कुठल्या स्टेजला होती तो इतिहास नाही आणि "ओनर" या रकान्यात माणसाच्या नावाऐवजी एक लांबलचक नंबर. कोणाचा कस्टमर कोणता हे परत आठवून लिहावं लागलं आणि त्यावरून दोघांची जी जुंपली ती अजून मिटलेली नाही.

तेव्हा ट्रायलमध्येच वीस खोट्या नोंदी करा, नोट्स टाका, एखादी पीडीएफ जोडा आणि सगळं बाहेर काढून बघा काय येतं. एक्सपोर्टचा हक्क कोणाकोणाला देता येतो तेही त्याच दिवशी बघा, नाहीतर सोडून जाणारा माणूस शेवटच्या दिवशी पूर्ण यादी घेऊन जातो. कोणी गेला की त्याचं खातं बंद करून त्याचे कस्टमर दुसऱ्याच्या नावावर चढवायचे, उडवायचं नाही. सेल्सफोर्समध्ये तर यूजर डिलीट करताच येत नाही, फक्त बंद करता येतो, आणि ते बरोबरच आहे.

एक्सेलमधून आत नेताना मराठी नावं असतील तर फाइल यूटीएफ-८ वाली सीएसव्ही (एक्सेलच्या सेव्ह ॲजमधला एक साधा फाइल प्रकार) म्हणून सेव्ह करा नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतील. फोनचा रकाना टेक्स्ट ठेवा. कंट्री कोडसकट लांब नंबर असला की एक्सेल त्याचं ९.१९८७७ई+११ असलं काहीतरी करतं, आणि सुरुवातीचा शून्य तर न विचारता खातं.

फाइल_कुठेय:
तीन आठवड्यांनी अपडेट देतेय. आमच्यातल्या सगळ्यात कुरकुऱ्या माणसाला फोन दिला. एका ॲपवर भेट नोंदवायला त्याला २ मिनिटं ४० सेकंद लागली, पाईपड्राईव्हवर ५० सेकंद, आणि तो फोन परत देताना म्हणाला "हे चालेल", जे त्याच्या तोंडून मी चार वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. एक्सपोर्टही काढून बघितलं, नोट्स वेगळ्या फाइलमध्ये आल्या पण आल्या. महिन्याच्या बिलावर घेतलंय. साहेबांना १९ रकाने सक्तीचे हवे होते, त्यांना ॲग्रिकल्चरची गोष्ट वाचून दाखवली, ४ वर आलेत.

सध्या नावांची सफाई चाललीय, एकच कंपनी "प्रा. लि." लावून, न लावून आणि स्पेलिंग चुकवून अशी पाच वेळा आहे. जुनी एक्सेल मी सोमवारी फक्त वाचता येईल अशी करून टाकली. मंगळवारी सकाळी ड्राइव्हवर "लीड्स फायनल नवीन ३" होती. कोणी केली ते शोधतेय.