ईसीजीत दोष, ठोके ४८, पुढची तारीख महिन्याने. तोवर मन कसं आवरावं? मदत हवी आहे

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, वय ५१, प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत झालेल्या आरोग्य तपासणीत ईसीजी काढला आणि कागदाच्या वरच मशीनने ‘ॲबनॉर्मल’ छापून दिलं. खाली सायनस ब्रॅडिकार्डिया (म्हणजे ठोके मंद), ठोके ४८, फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक, पीआर २२४ (हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली संदेश पोचायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत). हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. टूडी इको चांगला आला, पंपिंग ६० टक्के. मग चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, लावला. त्यात पहाटे तीनच्या सुमारास, झोपेत, ठोके ३८ पर्यंत उतरलेत आणि सर्वांत मोठा थांबा १.८ सेकंदांचा आहे. डॉक्टर म्हणाले, “आत्ता घाबरण्यासारखं काही दिसत नाही, महिन्याने या.” बाहेर नंबर लावून माणसं बसलेली, जास्त विचारणं झालं नाही.

चक्कर येत नाही, शुद्ध कधी हरपली नाही, जिना चढताना धाप पूर्वीइतकीच. बीपी नाही, शुगर नाही, गोळी एकही चालू नाही. काचबिंदूसाठी सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत टिमोलॉलचे थेंब घालते, तेवढंच.

त्रास आहे तो भीतीचा. माझे वडील झोपेतच गेले. त्यामुळे दिवस शाळेत कसाही निघतो, पण रात्री उशीला कान टेकला की ठोका ऐकू येतो आणि पुढचा कधी पडतोय याची वाट बघत मी पडून राहते. मनगटावरचं घड्याळ ‘ठोके कमी’ म्हणून थरथरतं. मग उठून बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा बघायचा, पाणी प्यायचं, परत लावायचा. ह्यांची पहाटे एमआयडीसीत पाळी असते, उठवावंसं वाटत नाही. सासूबाई भाकरी थापता थापता हळूच विचारतात, “यंत्र बसवायला लागतंय का गं?” त्यांनाही झोप नाही, हे मला कळतं. कंबर तलावावर रोज चालायला जायचे, ते बंद केलंय. वाटेत काही झालं तर?

या रिपोर्टात खरोखर भ्यायचं किती आहे? आणि ज्यांनी असे दिवस काढलेत, त्यांनी रात्री काय केलं? कृपया सांगा.

प्रतिसाद (निवृत्त सिस्टर, मिरज)

ताई, आधी थेंबांचं बोलते, कारण तुम्ही ते ‘तेवढंच’ म्हणून सोडून दिलंय. टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर आहे. ठोके कमी करणाऱ्या अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्यांच्याच घराण्यातलं. डोळ्यांत घातलेला थेंब अश्रूंच्या वाटेने नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात जातो. काही जणांचे ठोके त्याने मंदावतात, पीआरही लांबतो. तुमच्या बाबतीत तेच कारण आहे असं मी म्हणणार नाही, पण हृदयाच्या डॉक्टरांना हे कळलंच पाहिजे. महिनाभर थांबू नका, उद्याच फोन करा, आणि पुढच्या भेटीला बाटली सोबत न्या. मात्र थेंब आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. डोळ्यातला दाब वाढला तर नजरेची नस कायमची जाते. थेंब घातल्यावर डोळे मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरा, रक्तात कमी उतरतं.

थायरॉईड तपासलंय का? ते मंदावलं तरी ठोके उतरतात. टीएसएच साधी रक्ततपासणी आहे.

पीआर २०० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की मशीन फर्स्ट डिग्री छापतं. रक्ताच्या नळ्या तुंबण्याशी याचा संबंध नाही. वरच्या कप्प्यातून निघालेला प्रत्येक संदेश खाली पोचतोय, थोडा उशिरा एवढंच. दुसऱ्या प्रकारात मधलेच काही संदेश गळतात, तिसऱ्यात एकही खाली उतरत नाही. यंत्राचा, म्हणजे पेसमेकरचा, विषय बहुतेक तिथे निघतो. झोपेत ठोके चाळिशीच्या आसपास जाणं, दोन सेकंदांपर्यंतचा थांबा, हे मी निरोगी माणसांच्या होल्टरमध्ये पुष्कळदा पाहिलंय.

पण डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध गेली, छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, तर तारखेची वाट न बघता १०८ ला फोन. हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रतिसाद (बार्शी)

मला पेसमेकर आहे. माझे ठोके जागेपणी ३२ होते आणि मी दुकानात उभा असताना कोसळलो होतो. तुमचा कागद आणि माझा कागद वेगळा आहे, एवढं सासूबाईंना नक्की सांगा. आणि उद्या कधी वेळ आलीच, तरी गळपट्टीच्या हाडाखाली छोटा छेद असतो, भूलही बहुतेक तेवढ्या जागेपुरतीच देतात. मी आज दुकान चालवतो, शेतात जातो.

रात्रीचं माझ्या अनुभवाने सांगतो. घड्याळ आणि ऑक्सिमीटर दोन्ही झोपायच्या खोलीतून बाहेर. होल्टरने तुमची झोप नोंदवून घेतलीय, ती राखण परत तुम्ही करायची गरज नाही. नाडी सकाळी एकदा, बसून, पूर्ण मिनिटभर मोजायची, वहीत लिहायची, वही डॉक्टरांना दाखवायची. मनात आलेले प्रश्नही त्याच वहीत. मला रात्री दोनला सुचायचे. लिहिले की डोकं जरा सोडायचं. आणि ह्यांना उठवा, ताई. माझी बायको म्हणायची, झोपमोड परवडली, पण एकट्याने बसलेलं बघवत नाही. अगदीच असह्य झालं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मूळ लेखिका

सिस्टर, दादा, दोघांचे मनापासून आभार. हृदयाच्या डॉक्टरांकडे फोन लावला. थेंबांचं नाव ऐकताच त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांशी स्वतः बोलून घेतलं. आता दुसऱ्या प्रकारचे, लॅटानोप्रोस्ट नावाचे थेंब रात्री एकदाच घालायचेत, टिमोलॉल त्यांनीच थांबवलंय. टीएसएचसाठी रक्त दिलंय. चक्कर नसेल तर सपाट रस्त्यावर चालायला हरकत नाही म्हणाले, म्हणून ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी तलावावर जाऊन आलो. घड्याळ आता दिवाणखान्यात चार्जिंगला असतं. रात्री भीती वाटतेच, पण ह्यांना हाक मारते.

सिस्टर, एवढं सांगा, थेंब बदलल्यावर दुसरा ईसीजी साधारण किती दिवसांनी काढतात? शाळेत घटक चाचण्या आहेत, रजा आधी टाकावी लागेल.