मदत हवी आहे: डेबियन १३ केल्यापासून स्कॅन करताना जागा संपते

नमस्कार. सांगलीजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक स्कॅन करतोय. गेल्या आठवड्यात एका मशीनवर डेबियन या लिनक्स प्रणालीचं १२ वरून १३ केलं. अपग्रेड सुरळीत झालं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही जागच्या जागी. पण चाळीसेक रंगीत पानं झाली की 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येतो आणि तोवरची मेहनत वाया जाते. एसएसडीवर १५० जीबी मोकळी आहे!

शोधल्यावर कळलं, १३ मध्ये टीएमपी हा तात्पुरत्या फायलींचा फोल्डर डिस्कवर नसून रॅममध्ये असतो आणि जास्तीत जास्त निम्मी रॅम घेतो. आमची रॅम ४ जीबी, वाढवायला स्लॉट नाही. रिझोल्यूशन ६०० वरून ३०० केलं, पण जुन्या अंकांतला पुसट बारीक टाइप हातचा जातो, ते मला नको आहे. स्कॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये तात्पुरत्या फायलींची जागा बदलायची सोय सापडली नाही.

फोल्डर रॅममध्ये बसवणारं 'टीएमपी डॉट माउंट' मास्क करून (म्हणजे कायमचं बंद करून) फोल्डर पुन्हा डिस्कवर आणावा, की फक्त स्कॅनच्या प्रोग्रॅमला 'टीएमपीडीआयआर' (तात्पुरत्या फायली कुठे ठेवायच्या ते सांगणारी सेटिंग) लावून डिस्कवरच्या व्हार फोल्डरमधल्या टीएमपीकडे वळवावं? मशीन ग्रंथपाल बाईही वापरतात, रोज कमांड द्यावी लागू नये. दुसऱ्या मशीनवर अजून १२ च आहे. कमी रॅमवर १३ चालवणाऱ्यांनी यातलं काय केलं, आणि नंतरच्या अपडेटमध्ये ते टिकलं का?