आमसुलं घरी करताना मीठ किती, आणि पित्तावर ती नक्की कशी घ्यायची?

माजघर:
पाच किलो पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आणले आहेत. आमसुलं आणि थोडं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, करायचं आहे. मिठाचं प्रमाण प्रत्येक जण वेगळं सांगतो. गेल्या खेपेची आमसुलं आषाढात ओलसर झाली आणि त्यांवर पांढरं आलं. ती टाकावी लागतात का? घरात एकाला अंगावर पित्त उठतं आणि दुसऱ्याला जेवल्यावर छातीत जळजळतं. दोघांनाही आमसुलाचं पाणी चालेल ना?

खलबत्ता:
फळं गर्द लाल, बोटानं किंचित दबणारी घ्या. डाग पडलेली आधीच बाजूला काढा. धुऊन कोरडी पुसा आणि मगच चिरा, कारण सालीवर पाणी राहिलं तर बुरशी तिथूनच सुरू होते. गर आणि बिया स्टीलच्या पातेल्यात किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढा. तांब्या-पितळेचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रस धातूला खातो.

किलोभर सालीला १०० ग्रॅम जाडं मीठ धरा. ते गराच्या रसात विरघळवून रस गाळून घ्या. साली रात्रभर त्यात बुडवायच्या, सकाळी निथळून आतली बाजू वर करून कडक उन्हात पसरायच्या, संध्याकाळी परत रसात. अशी चार-पाच पुटं द्या. रंग आणि आंबटपणा या पुटांनीच मुरतो. एकदाच वाळवलेली साल चामट आणि फिकी राहते. तयार आमसूल चामड्यासारखं वाकतं, मोडत नाही, आणि दाबल्यावर रस सुटत नाही. मध्येच ढग आले तर पसारा तसाच ठेवू नका. साली रसात बुडवून ठेवा आणि ऊन पडलं की पुन्हा काढा. मे संपायच्या आत हे उरकलेलं बरं.

आगळाला मीठ जास्त लागतं: किलोला १६० ते २०० ग्रॅम. बरणीत साल आणि मीठ थरावर थर घालायचं, रोज कोरड्या लाकडी चमच्यानं खालीवर करायचं, आठवड्यानं गाळायचं. चव बघून मीठ कमी केलंत तर आगळ फसफसतं.

आता ते पांढरं. एक आमसूल उजेडात धरून बघा. कण चकाकत असतील, नखाला खरखरीत लागत असतील आणि पाण्यात विरघळत असतील तर ते मीठ आहे. पावसाळी हवेत मीठ ओल ओढतं, म्हणून आमसूल ओलसर होतं. दोन उन्हं दाखवा आणि काचेच्या बरणीत भरा. कापसासारखं लवलवतं आणि कुबट वास येतो, तर मात्र सगळी बरणी टाका. वरवर धुऊन वापरू नका.

रानवाटा:
पित्ताबद्दल लिहितो, कारण इथेच घोटाळा होतो. आपण एकाच शब्दात दोन तक्रारी बसवतो. अंगावर गांधी उठून खाज सुटते तेही पित्त आणि छातीत जळजळतं तेही पित्त.

गांधींवर कोकणात आणि गोव्यात आमसुलाचा कोळ पूर्वापार लावतात. पाच-सहा आमसुलं आधी साध्या पाण्यातून काढा, म्हणजे वरचं मीठ जाईल. नाहीतर खाजवलेल्या कातडीवर ते झोंबतं. मग दोन वाट्या पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा आणि गाळा. निम्मा कोळ कापसानं अंगाला लावा, उरलेल्यात पाणी, चिमूटभर जिरेपूड आणि थोडी साखर घालून प्यायला द्या. खाज शमते, पण गांधी कशानं उठल्या ते कारण जात नाही. ओठ, पापण्या किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर आमसूल भिजत घालत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

छातीत जळजळणाऱ्याला आमसुलाचं पाणी नको, उपाशीपोटी तर नकोच. ते मुळात आंबट आहे. बऱ्याच जणांना त्यानं जळजळ वाढते.

चरकसंहितेतल्या हृद्य गणातल्या दहा फळांत वृक्षाम्ल आहे, आणि वृक्षाम्ल म्हणजे कोकम असं बहुतेक वैद्य मानतात. पण हृद्य म्हणजे रुची आणणारं, मनाला भावणारं असं घ्यावं. हृदयविकाराची गोळी बंद करून सोलकढी प्यायची, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

शेवगा:
दोन गोष्टी राहिल्या. रक्तदाब असणाऱ्यांनी आगळ मोजून घ्यावं. २० टक्के मिठाच्या आगळाच्या दोन चमच्यांत, म्हणजे १० मिलिलिटरमध्ये, साधारण २ ग्रॅम मीठ जातं. दिवसभराची मर्यादाच ५ ग्रॅम आहे. अमृत कोकमात, म्हणजे कोकमाच्या गोड पाकात, सालीच्या दुप्पट साखर असते, त्यामुळे मधुमेहींसाठी ते नाही. त्यांनी आमसुलाचं बिनसाखरेचं पाणी घ्यावं.

वजन घटवण्यासाठी याच कुळातल्या फळांच्या अर्काच्या गोळ्या मिळतात. त्यांतून काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतली चार आमसुलं वेगळी आणि गोळीतला अर्क वेगळा.

आणि बिया फेकू नका! धुऊन खडखडीत वाळवा, फोडून आतला गर कुटा, पाण्यात उकळा. वर तरंगणारं तेल गार झालं की थिजतं, ते काढून मुठीत वळायचं. हेच टाचांच्या भेगांवर लावायचं मुठेल किंवा भिरंडेल. ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून नुसतं चोळलं तर टाचेवर घसरतं. पळीत पातळ करून, कोमट असतानाच, रात्री धुऊन पुसलेल्या भेगांत भरा आणि वरून मोजे घाला. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

माजघर:
आभार. जळजळणाऱ्याचं आमसूल पाणी आजपासून बंद. पाच किलो कमी पडले, तर बाजारच्या आमसुलात रंग घातलाय हे ओळखता येतं का?

खलबत्ता:
आमसूल कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी चमचाभर घ्या आणि फेस यायचा थांबेपर्यंत खायचा सोडा घाला. कोकमाचा स्वतःचा लाल रंग आंबटपणा मेला की जांभळट-निळसर पडतो. पाणी तसंच लालभडक राहिलं तर ते आमसूल घेऊ नका.