मदत हवी आहे : केळीच्या स्कर्टिंग बॅगांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला, घरची केळी आहे. गेल्या वर्षी कोकणात वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली. तिथे २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडलेची अंडी जपली जातात. कासवं पाण्यातलं प्लॅस्टिक जेलीफिश समजून गिळतात, हेही कळलं आणि मला आपला बांध आठवला.

घड झाकायला घातलेल्या या प्लॅस्टिकच्या स्कर्टिंग बॅगा कटाईनंतर बांधावर पडतात. पहिल्या पावसात त्या नाल्यात, नाल्यातून तापीत. वाटेत उकाईचं धरण आहे, तिथे बरंच अडकत असेल. पण तापी शेवटी सुरतजवळ अरबी समुद्रालाच मिळते.

म्हणून गावात मोहीम काढायची आहे. गुजरातेत २००४ साली कथाकार मोरारीबापूंनी व्हेल शार्क या भल्यामोठ्या माशाला बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली, आणि तिची शिकार करणारे कोळी स्वतःचं जाळं कापून तिला सोडू लागले. तसं मनाला भिडणारं आपल्या शेतकऱ्याला काय सांगावं? नुसतं ‘प्लॅस्टिक टाळा’ म्हणून कोणी ऐकत नाही, आणि बॅगेशिवाय मालाला भाव नाही, हेही खरंच.

रावेर, चोपडा, शहादा भागात कोणी या बॅगा गोळा केल्यात का? मातीचे डाग असले तरी जळगाव-भुसावळकडे कोणी घेतं का, काय किलोने? आणि शाळेतली पोरं सोबत घ्यायची तर सुरुवात कशी केलीत? पावसाळ्याआधी कामाला लागायचंय, अनुभव असेल त्यांनी जरूर लिहा.