मदत हवी आहे: फिलिपिन्सचे रुपेर्तो कांगलेओन आणि लेयतेतली आपसातली लढाई

मंडळी, आमच्या वाचनालयात दुसऱ्या महायुद्धावर व्याख्यानमाला आहे, माझ्या वाट्याला फिलिपिन्स आलंय. अमेरिकन सेनापती मॅकआर्थरबद्दल लोक ऐकून असतात, म्हणून मी लेयते बेटावरचे कर्नल कांगलेओन घेतले. आणि एका जागी गाडं अडलंय.

जन्म १८९० चा, माक्रोहोनचा. उमेदीची वर्षं कॉन्स्टॅब्युलरीत, म्हणजे तिथल्या लष्करी धर्तीच्या पोलीस दलात गेली. मे १९४२ मध्ये मनिलाच्या उपसागरातलं कॉरेगिदोर हे अमेरिकनांचं तटबंदीचं बेट पडलं, वरून हुकूम आला, तसे तेही जपान्यांना शरण गेले. मिंदानाओतल्या बुतुआनला कैदेत होते. डिसेंबरात तिथून निसटून थेट लेयतेला परतले, वयाच्या ५२ व्या वर्षी! बेटावर तोवर जागोजागी जपान्यांविरुद्ध गनिमी टोळ्या उभ्या राहिल्या होत्या आणि प्रत्येकीचा म्होरक्या स्वतःला सेनापती समजत होता. बऱ्याच जणांना त्यांनी एकत्र आणलं. पश्चिमेकडचे ब्लास मिरांडा मात्र बधले नाहीत. तेही कॉन्स्टॅब्युलरीतलेच, पण शरण गेलेल्यांचा त्यांना कमालीचा तिटकारा. अशा माणसाचा हुकूम ते कशाला मानतील? शेवटी १९४३ मध्ये जपानी बेटावर असताना हे दोन गट एकमेकांशी लढले आणि मिरांडांच्या फौजेची दाणादाण उडाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मॅकआर्थरने कांगलेओनना लेयतेतल्या गनिमी फौजेचे प्रमुख नेमलं.

पुढचं सांगायला सोपं आहे. २० ऑक्टोबर १९४४ ला अमेरिकन फौज उतरली. २३ तारखेला लेयतेची राजधानी ताक्लोबानच्या कॅपिटॉलसमोर (सरकारी कचेरीसमोर), फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष ओस्मेन्यांच्या देखत, मॅकआर्थरने कांगलेओनच्या छातीवर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हे अमेरिकेचं शौर्यपदक लावलं. नंतर संरक्षणमंत्री (१९५० मध्ये ते पद मॅगसायसायांकडे गेलं), मग सिनेटर.

माझी अडचण मिरांडांची. विजेत्याच्या बाजूने सांगितलं तर ते निव्वळ हेकेखोर ठरतात, आणि मला ते पटत नाही. हुकूम पाळून शरण जाणं आणि हुकूम झुगारून लढणं, यात सैनिकाचा धर्म कोणता, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. पण हे चाळीस मिनिटांत मांडायचं कसं? शिवाय 'गनिमी कावा' म्हटलं की श्रोते लगेच प्रतापगडावर पोचणार, ते वेगळंच.

अमेरिकी लष्कराचा अधिकृत इतिहास माझ्याकडे आहे. मिरांडांच्या माणसांची बाजू मांडणारं, फिलिपिनो लेखकाचं काही कुणी वाचलंय का? इथल्या कुणी मनिला किंवा ताक्लोबानला राहिलं असेल, तर तिथली माणसं आज या भांडणाबद्दल बोलतात का, तेही सांगा. व्याख्यान पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे सगळं वाचून होणार नाही. एकच सुचवायचं तर काय सुचवाल?