जुन्या टेनर बँजोचे चामडे बदलावे काय?

प्रश्न (म्हापसा): आजोबांच्या पेटीतून चार तारांचा टेनर बँजो (गोल चौकटीवर चामडे ताणलेले तंतुवाद्य) निघाला असून आतील लाकडी दांड्यावर ‘व्हेगा, बॉस्टन’ अशी अक्षरे आहेत. पावसाळ्यात त्याचे चामडे इतके सैल पडते की आवाज बोदा येतो. ते बदलून प्लॅस्टिकचे बसवावे काय?

उत्तर (मडगाव): घाई करू नये. वासराचे चामडे दमट हवा शोषून सैलावते. कडेचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी पाव-पाव फेरा आवळावेत आणि हवा कोरडी होताच आठवणीने सैल करावेत, अन्यथा ते फाटेल. चामड्याखाली छिद्रे पाडलेली चौकोनी पितळी नळी दिसल्यास ती व्हेगा कंपनीच्या ‘ट्यूबाफोन’ या बनावटीची समजावी. त्या कारागिरीला पॉलिशवाल्याचा हात लागू देऊ नये!

उत्तर (फोंडा): प्लॅस्टिकचे चामडे १९५० च्या दशकातले आहे, त्यामुळे १९२० च्या दशकातील वाद्याचा मूळ स्वर त्यात मिळत नाही, मात्र रोज वाजवायचे असल्यास मी तेच बसवीन आणि जुने जपून ठेवीन.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. तारा कोणत्या सुरांत लावाव्यात?

उत्तर (मडगाव): व्हायोलाप्रमाणे (व्हायोलिनचे थोडे मोठे भावंड) सी, जी, डी, ए. तारांमधील सुरांचे अंतर व्हायोलिनसारखेच असते, म्हणूनच ते शिकलेल्याची बोटे त्यावर लवकर रुळतात.