टायमिंग चेन आत्ताच बदलू, का उन्हाळी सुट्टीपर्यंत ढकलू?

अंबाजोगाईचा मास्तर:
माझी 2012 ची डिझेल हॅचबॅक, 1.3 लिटर इंजिन, 1 लाख 74 हजार किलोमीटर. रोजचं अंबाजोगाई-लातूर अप-डाऊन. थंडी पडल्यापासून सकाळी सेल्फ मारला की फॅन बेल्टच्या बाजूनं पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यावानी खर्रर्र आवाज येलालाय. दिवाळीत एक-दोन सेकंद होता, आता पाच-सहा. मग गप. गाडी ओढते चांगली, धूर नाही. मिस्त्री म्हणतो चेन किट टाका, 15 हजार. मॅन्युअलमध्ये चेन कधी बदलायची याचा आकडाच नाही. मे महिन्यापर्यंत निघेल का? लेकीच्या क्लासची फी भरायचीय, म्हणून विचारलं.

लातूरहून:
सर, टायमिंग बेल्ट असला तर बदलायचा असतो, चेन इंजिनाच्या जन्माची असते. मिस्त्री तुम्हाला गिऱ्हाईक बनवलालाय. ऑइल बदला, आवाज जाईल.

परभणीचा मिस्त्री:
जन्माची असते, पण कुणाच्या जन्माची ते ऑइलवर आहे. गुरुजी, खरं सांगा, ऑइल किती किलोमीटरला बदलता?

अंबाजोगाईचा मास्तर:
खरं सांगायचं तर पंधरा-सोळा हजारला. आणि मागच्या वर्षी शेतावर असताना ऑइल कमी दिसलं, तेव्हा ट्रॅक्टरच्या कॅनमधलं लिटरभर ओतलं होतं. हसू नका.

परभणीचा मिस्त्री:
हसत नाही, रोज बघतो. ही चेन क्रँक आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जुळवून फिरवते. चेनचा ताण धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल उतरतं, सकाळी दाब येईपर्यंत चेन गाईडवर, म्हणजे तिला वाटेत धरणाऱ्या पट्टीवर, आपटते. थंडीत जाड ऑइल वर चढायला वेळ लावतं. म्हणून लातूरकर भाऊ म्हणतात ते आधी करा: बरोबर ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर. चार सकाळी ऐका. आवाज एका सेकंदावर आला तर थांबून बघता येईल. पाच सेकंद राहिलाच, किंवा गरम इंजिनवरही ऐकू आला, तर मे विसरा. किलोमीटर बघू नका, आवाज वाढतोय का ते बघा.

चेन रबरासारखी ताणत नाही. डिझेलची काजळी ऑइलमध्ये पॉलिश पेपरासारखं काम करते, पिना झिजतात. एका कडीला केसाएवढं, पण कड्या शंभराच्या वर. दात सुटला की पिस्टन वॉल्व्हला भिडतो. मग 15 हजारात भागत नाही, हेड उतरवावं लागतं. नुसता टेन्शनर बदलून घेऊ नका. चेन, दोन्ही गाईड, गिअर, क्रँकचं सील सगळं एकदाच. आणि मिस्त्रीकडे कॅम आणि फ्लायव्हील (क्रँकचं जड चाक) जागेवर लॉक करायचं टूल आहे का ते आधी विचारा. मार्करनं खुणा करून बसवणारा असेल तर गाडी तिथं लावू नका.

बीडचा टॅक्सीवाला:
माझी गाडी सहलीला निघाली होती, मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली. त्याआधी दोन महिने आवाज करत होती, मी गाण्याचा आवाज वाढवला होता.

अंबाजोगाईचा मास्तर:
तीन आठवड्यांनी लिहितोय. ऑइल बदललं, आवाज तीन सेकंदांवर आला, आठ दिवसांत परत पाचवर. मग टाकून घेतलं. बिल 16 हजार 200, फॅन बेल्ट धरून. मिस्त्रीकडं टूल होतं, चेन बसवल्यावर क्रँक हातानं दोन फेरे फिरवून दाखवला. जुनी-नवी चेन एका खिळ्याला टांगली, जुनी चार-पाच मिलिमीटर खाली आली. एका गाईडला तर नखाएवढी चर पडली होती. लेकीच्या क्लासवाल्याला दोन हप्ते करून मागितले, त्यानं दिले.

जुनी चेन घरी आणली. आबा म्हणाले, टाकू नको, गोठ्याच्या फाटकाला होईल.